बार्बाडोसचे स्कोअरर

काका, दुसरी मॅच एक-शून्य झाली. हरलो, पण एकच गोल खाल्ला. पंधरा ओव्हर्स, चौदा मेडन. हे सांगायला मी रविवारी मॅच संपल्या संपल्या वही घेऊन बाहेर पडले. तुमच्या ड्राइव्हवेमध्ये मंडळातल्या लोकांच्या गाड्या दिसल्या तेव्हा आठवलं, तुम्ही गुरुवारी सकाळीच गेलात.

शनिवारी तुमच्या घरी सगळे जमले होते आणि प्रत्येक जण काही ना काही बोलला. दिवेकर किती शिस्तीचे, टेस्टिंगमध्ये त्यांच्या नजरेतून एक चूक सुटायची नाही, काकू गेल्यावरही त्यांनी घरचा गणपती सोडला नाही. वैद्य काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बोल ना गं, तू तर भिंतीला भिंत लागून राहतेस." मी मान हलवली. निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "बरं, लिहून दे. अंकात घालू." म्हणून लिहिते आहे. माझं मराठी शाळेतल्या तिसऱ्या भाषेचं. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही तपासून दिले असते, ते काम आता वैद्य काकूंचं.

बार्बाडोसचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. एका लांबच्या बेटाच्या फुटबॉल टीमची प्रत्येक मॅच तुम्ही सात वर्षं क्रिकेटच्या स्कोअरबुकात लिहीत होतात, हे अख्ख्या फ्रीमाँटमध्ये मला एकटीला माहीत आहे. आणि कार्सनला झालेल्या पहिल्या मॅचचा ताळा राहिला तो माझ्यामुळे, हेही मलाच माहीत आहे. तुमची वही आता तुमच्या मुलाकडे, निखिलकडे, आणि निखिल बुधवारी डॅलसला परत जाणार होता. त्याच्या आत मला त्याच्याकडे जाऊन ती मागायची होती. तुम्ही माझ्याकडून ज्या गोष्टीची आशा सोडली होती, नेमकी तीच.

आपली ओळखही मी काही न मागितल्यामुळेच झाली. मी नवीन राहायला आले होते, रूममेट टाहोला गेलेली, आणि शनिवारी सकाळी मी किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. मग पायरीवर बसून राहिले. शेवटी तुम्ही बाहेर आलात.

"किती वाजल्यापासून बसली आहेस?"

"साडेदहा."

"दीड वाजलाय. माझ्या दाराला बेल आहे."

"तुम्ही बिझी असाल असं वाटलं."

"बिझीच होतो. साडेदहापासून खिडकीत उभा राहून बघतोय, ही मुलगी बेल कधी वाजवते."

चहा ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, तीन तास केलंस काय? मी म्हटलं, काही नाही, बघत होते. काय बघत होतीस? मग मी सांगितलं. पोस्टाची गाडी किती वाजता आली, समोरच्या घरात कोण दोनदा बाहेर पडलं आणि दुसऱ्यांदा काय विसरलं म्हणून परत आत गेलं, कोपऱ्यावरचा स्टॉप साइन किती गाड्यांनी न थांबता ओलांडला. तुमच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"स्कोअरिंग केलं आहेस कधी?"

कोणी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल ज्याला लाजावंसं वाटलं नाही.

तुम्ही पुण्यात वीस वर्षं क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग केलं होतं. बॅटिंग येत नव्हती, बॉलिंग येत नव्हती, बारावा म्हणूनही कोणी नेईना, म्हणून वही हातात घेतलीत, असं तुम्हीच सांगायचात. मग इकडे आलात. दोन हजार एकमध्ये नोकरी गेली, त्या वर्षी आपल्या कॉम्प्लेक्समध्ये भर दुपारी सगळ्या गाड्या घरीच उभ्या असायच्या म्हणे. तुम्ही रोज डबा घेऊन लायब्ररीत जायचात. रेझुमे पाठवून झाले की तिथल्या कॉम्प्युटरवर लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या वेस्ट इंडीजच्या क्रिकेटर्सची माहिती शोधायचात. त्यातले निम्मे बार्बाडोसचे. तसं शोधताना एक दिवस चुकून त्यांच्या फुटबॉल टीमचं पान उघडलं.

"एवढाल्या क्रिकेटर्सचं बेट," तुम्ही म्हणालात, "आणि फुटबॉल टीम अशी हरते, अशी हरते, की मला एकदम घरच्यासारखं वाटलं."

"पण क्रिकेट सोडून हे कशाला?"

"क्रिकेटचं लिहिणारे पैशाला पासरी आहेत. ह्यांचं कोण लिहितंय?"

तुम्हाला एकच वही भरता यायची, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं ते लांबट स्कोअरबुक. मग फुटबॉल त्यात बसवलंत. एक मिनिट म्हणजे एक बॉल, सहा मिनिटं म्हणजे एक ओव्हर, नव्वद मिनिटांच्या पंधरा ओव्हर्स. बॉलिंग नेहमी बार्बाडोसची. गोल खाल्ला तर आकडा, नाही खाल्ला तर टिंब. सहाच्या सहा टिंबं झाली की ती जोडून एम काढायचा, मेडन ओव्हर. बार्बाडोसने गोल केला तर समासात लाल चांदणी. मी वह्या चाळल्या तेव्हा चांदण्या फार नव्हत्या. एम मात्र पानोपानी.

स्वतः पाहिलेलं पेनने लिहायचं आणि ऐकलेलं, वाचलेलं पेन्सिलीने. सात वर्षं तुम्ही पेन्सिलच वापरलीत, कारण सगळं इंटरनेटवरच्या चार ओळींवरून जुळवलेलं. टीव्हीवर दिसलं तर काय, यावर आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायचे, दिसलं ना डोळ्यांनी, मग पेन. तुम्ही म्हणायचात, "कॅमेरावाला दाखवेल ते बघणं म्हणजे पाहणं नव्हे मॅडम. ती दुसऱ्याची साक्ष." हे भांडण कधी मिटलं नाही. तुम्हाला ते मिटायला नकोच होतं, असं मला हल्ली वाटतं.

आणि क्रिकेटमध्ये स्कोअरर दोन असतात, दोन टीमचे दोन. शेजारी शेजारी बसतात, दोघंही सगळी मॅच लिहितात आणि अधूनमधून ताळा घेतात. एकमेकांच्या वहीत बघायचं नाही, तोंडी सांगायचं. तुम्ही मला दुसरी वही दिलीत. "मी बार्बाडोसचा, तू समोरच्यांची." दोन वर्षं आपण दर काही आठवड्यांनी तुमच्या डायनिंग टेबलावर बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या मॅचेस प्रिंटआउटवरून लिहिल्या. मी दिवसभर सांता क्लाराच्या ऑफिसात मीटिंगमध्ये एक शब्द बोलायचे नाही, आणि तुमच्या टेबलावर ठणकावून सांगायचे, "तिसरी ओव्हर, पाचवा बॉल, एक." तुम्ही म्हणायचात, "बरोबर. आज मॅडमचा आवाज निघाला."

मग या जूनमध्ये ती मॅच आली. वर्ल्ड कपची क्वालिफायर, अमेरिका विरुद्ध बार्बाडोस, दोन मॅचेसची, आणि त्यातली पहिली कॅलिफोर्नियात, कार्सनला. तुम्ही निळं पेन नवीन घेतलंत. रविवारी पहाटे तुमच्या कॅमरीमधून निघालो, थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं. वाटेत तुम्ही मला सहा तास सांगत होतात की जिंकणं शक्यच नाही, आपण टिंबं मोजायला चाललोय. पण तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्तच पडत होता.

स्टेडियममध्ये आपल्या आजूबाजूला सगळे लाल-निळे कपडे आणि ढोल. लांब कोपऱ्यात निळ्या-पिवळ्या झेंड्याखाली बार्बाडोसची दहा-बारा माणसं होती. पहिल्याच मिनिटाला गोल झाला. पहिल्या ओव्हरचा पहिला बॉल. तुम्ही पेनने एक काढलात. सात वर्षांतलं तुमचं शाईतलं पहिलं अक्षर. हाफटाइमला तीन झाले होते. तुम्ही म्हणालात, चल, आपल्या माणसांना भेटून येऊ. मी म्हटलं, मी वह्या सांभाळते. तुम्ही मला ओढून नेलंत. तिथल्या एका मोठ्या हॅटवाल्या बाईंनी तुम्हाला मिठीच मारली आणि विचारलं, तुम्ही कुठल्या पॅरिशचे, म्हणजे बेटावरच्या कुठल्या भागातले? तुम्ही शांतपणे म्हणालात, "नारायण पेठ." त्यांनी मान डोलावली, बेटाच्या उत्तरेला कुठेतरी असेल अशी. मी इतकी हसले की जागेवर परत येईपर्यंत मला श्वास घेता येत नव्हता. तो दिवस इथपर्यंत असाच होता, काका. हे मला नीट लिहून ठेवायचंय, कारण पुढचं आठवलं की हे पुसट होतं.

दुसऱ्या हाफमध्ये चौथा गोल झाला आणि लगेच पाचवा. बार्बाडोसचा गोलकीपर गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही आकडा काढत होतात, हळू, नेहमीसारखाच रेखीव. मला ते बघवेना. मी माझी वही मिटली आणि पर्समध्ये टाकली. तुम्ही बघितलंत आणि पुढचं टिंब दिलंत. त्यानंतर बराच वेळ गोल झाला नाही. मग शेवटच्या दहा मिनिटांत तीन. आठ-शून्य.

"ताळा," तुम्ही म्हणालात.

"माझं पाचपर्यंतच आहे."

तुम्ही वही बंद केलीत. डोंगर ओलांडून गाडी खाली उतरली. मग तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "पाचव्या गोलनंतर दोन ओव्हर्स मेडन गेल्या. पाच खाऊन, पाय उचलत नसताना, बारा मिनिटं त्यांनी काही होऊ दिलं नाही. ती बारा मिनिटं तुझ्या वहीत नाहीत."

"मला वाईट वाटत होतं."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. त्यांच्यासाठी."

"तू दया केलीस. मी तुला दया करायला आणलं नव्हतं, लिहायला आणलं होतं."

आणि मग मी ते बोलले. मला वाटतं मी तुमच्याशी इतक्या मोठ्याने कधीच बोलले नव्हते. "काका, हे वाचणार कोण आहे? त्यांच्या देशात कोणाला माहीत पण नाही तुम्ही हे लिहिता. इट डझन्ट मॅटर."

तुम्ही रेडिओ लावलात. हायवेलगतच्या गाईंच्या गोठ्यांपाशी वास आला तेव्हा खिडक्या वर केल्यात. फ्रीमाँटला पोचल्यावर "डबा राहील तुझा" एवढंच म्हणालात.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी तुमच्या दारावरून गेले-आले. बुधवारी दुपारी तुमची ईमेल आली, नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांत मराठी: रविवारची मॅच कुठल्या चॅनेलवर आहे ते बघ. पेन्सिल आण. मी तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी चाललं असतं. मला सॉरी नीट लिहायचं होतं, मराठीत, म्हणून संध्याकाळवर टाकलं, मग दुसऱ्या दिवसावर. गुरुवारी दहा वाजता ऑफिसात रूममेटचा फोन आला. तुम्ही गाडी पुसता पुसता खाली बसलात आणि उठला नाहीत.

रविवारी मी माझ्या खोलीत टीव्ही लावला. मॅच ब्रिजटाउनला होती आणि ग्राउंड क्रिकेटचं होतं, काका. तेच ओव्हल, ज्याचं नाव रेडिओवर ऐकत तुम्ही मोठे झालात. तुम्ही खुर्चीत बसला नसतात. मी पेन्सिल घेतली, कारण ती तुमची अट होती आणि वाद घालायला कोणी नव्हतं. चौथ्या ओव्हरमध्ये गोल झाला. मला वाटलं, झालं, आता परत आठ. पण पुढच्या मिनिटाला टिंब. त्याच्या पुढच्याला टिंब. तीच माणसं, सात दिवसांपूर्वी वाकून उभी होती ती, आता आडवी पडून बॉल अडवत होती. पलीकडे तुमच्या घरात लोक येत-जात होते, दार वाजत होतं. मला रडायला वेळ नव्हता, दर मिनिटाला एक टिंब द्यायचं होतं. अकरा एम ओळीने काढले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा कळलं की कार्सनला मी नेमकं हेच लिहायचं सोडून दिलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी तुमच्याकडे गेले. दार उघडंच होतं, हॉलमध्ये खोकी. निखिल टेप लावत होता.

"हे. कम इन, कम इन. तुला टीव्ही हवाय का? सीरियसली, घेऊन जा."

"टीव्ही नको. काकांच्या वह्या मागायला आले होते."

त्याचा हात थांबला. "त्या लांब नोटबुक्स? त्या मी नेतोय. सॉरी. बाबांच्या हॅंडरायटिंगमधलं माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये. मला ते फक्त ईमेल करायचे."

एरवी मी "ओके" म्हणून निघाले असते. पाय वळलेही होते. मग म्हटलं, "तू ने. पण एका पानाचं काम राहिलंय, ते आज करू दे."

त्याने वही आणली, पण मला दिली नाही. टेबलावर ठेवून स्वतः समोर बसला. "हे काय आहे एक्झॅक्टली? क्रिकेट?"

"फुटबॉल."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला सगळं सांगावंच लागलं. लायब्ररी, बार्बाडोस, पेन्सिल, कार्सन, मी मिटलेली वही, गाडीत बोललेलं वाक्य. तेही सांगितलं. तुम्हाला सांगायचं ते तुमच्या मुलाला सांगितलं. तो ऐकत होता आणि बोटाने टिंबांवरून रेघ ओढत होता.

"सो डॉट म्हणजे काय?"

"काही झालं नाही."

"आणि हे पूर्ण पान डॉट्स आहेत."

"हो. ते सगळ्यात अवघड असतं."

मग मी त्याला म्हटलं, मी सांगते, तू वहीत बघ, मला दाखवू नकोस. वही मिटली होती मी, डोळे नव्हते मिटले. "अकराव्या ओव्हरमध्ये पाचवा गोल. बारावी मेडन."

"एम. येस."

"तेरावी मेडन."

"येस."

"चौदावीत एक. पंधरावीत दोन. त्या दोनांतला एक बार्बाडोसच्याच डिफेंडरच्या पायाला लागून आत गेला."

"दोन आहेत. एकाच्या बाजूला काहीतरी लिहिलंय, मराठीत. मला वाचता येत नाही." त्याने वही फिरवून माझ्यापुढे केली.

तुमच्या वहीत प्रत्येक आकड्याशेजारी नाव असतं. गोल कोणी केला, कोणाच्या चुकीने झाला, तुम्ही कोणाला सोडलं नाहीत कधी. त्या एका आकड्याशेजारी नावाच्या जागी निळ्या शाईत लिहिलं होतं: चांगला खेळत होता. नाव लिहीत नाही.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे गाडीत तुम्ही मला दयेबद्दल बोललात तेव्हा हे लिहून झालेलं होतं. तुमच्या बॅगेत, मागच्या सीटवर.

"काय लिहिलंय?" निखिलने विचारलं. मी वाचून दाखवलं. त्याने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ही नेव्हर लेट मी ऑफ लाइक दॅट," म्हणाला. मग हसला. मलाही हसू आलं.

तेवढं एक भांडण मी जिंकले आहे, काका. बाकी तुमचंच बरोबर. दया करायची असेल तर ती एका नावापुरती करता येते, बारा मिनिटांची करता येत नाही. मी माझी वही काढली आणि तिथेच बसून चार ओव्हर्स भरल्या, पेनने, दोन एमसकट. त्या गोलशेजारी मीही नाव लिहिलं नाही. तुमच्या वहीत पानाच्या तळाशी दोन स्कोअरर्सच्या सह्यांची जागा असते. तुमची सही होती. निखिलने मला पेन दिलं आणि मी तुमच्याखाली सही केली. तुमचे आठ, माझे आठ. जुळलं.

वह्या तो घेऊन गेला. बरोबर आहे, त्याच्याच आहेत. बार्बाडोस वर्ल्ड कपमधून बाहेर आहे, पुढची मॅच कधी आणि कुठे होईल ते मला माहीत नाही, वर्षही लागेल. पुण्याला आईला फोन करून दोन नवीन स्कोअरबुकं मागवली आहेत. तोवर यापुढे दोन्ही बाजूंची स्कोअरर मीच. ताळा द्यायला शेजारी कोणी नसेल, म्हणून प्रत्येक मिनिट मला दोनदा बघावं लागेल.